छोट्या शिडाच्या होडीत किनाऱ्याची वीज घेताना

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर जुन्या शिडाच्या होड्या सेकंडहँड गाडीच्या भावात मिळतात. वेस्टर्ली सेंटॉर ही त्यातली हमखास दिसणारी: २६ फूट लांब, फायबरची, खाली दोन कील (तळाखालचे जड पंखे), आत लहानसं डिझेल इंजिन. १९६९ ते १९८० या काळात अशा दोन हजारांवर होड्या बांधल्या गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच अजून पाण्यात आहेत. इथे राहणाऱ्या मराठी माणसाने पहिली होडी घ्यायची ठरवली तर तो हिच्यापर्यंत किंवा हिच्यासारख्याच एखादीपर्यंत पोचतो. पहिला उन्हाळा मजेत जातो. ऑक्टोबर उजाडला की केबिनमध्ये ओल धरते, गाद्यांना वास यायला लागतो, बॅटरी सारखी उतरते. शेजारच्या होडीत मात्र दिवा लागलेला असतो, हीटर चालू असतो, आणि तिच्या कॉकपिटमधून एक केशरी केबल जेट्टीवरच्या खांबाकडे गेलेली असते. तीच शोअर पॉवर, म्हणजे किनाऱ्याची वीज.

घरी थोडंफार वायरिंग केलेल्या माणसाला हे काम किरकोळ वाटतं. एक सॉकेट, एक-दोन एमसीबी, दोन प्लग पॉइंट. व्होल्टेज तेच २३०, फ्रिक्वेन्सी तीच ५० हर्ट्झ. फेज आणि न्यूट्रलपुरतं हे बरोबरच आहे, ते होडीतही ठाण्याच्या फ्लॅटसारखेच वागतात. वेगळी वागते ती तिसरी, अर्थची हिरवी-पिवळी वायर. घर जमिनीवर उभं असतं. होडीला जमीन केबलमधून उसनी आणावी लागते. ही उसनी वायर तुमचा जीव वाचवते, आणि तीच वायर पाण्याखालचं तुमचं धातू हळूहळू संपवते. म्हणून या लेखात बाकी गोष्टी थोडक्यात सांगून मी अर्थिंगवर जास्त थांबणार आहे.

वीज कुठून कुठे जाते

ब्रिटिश मरीनात, म्हणजे होड्या बांधून ठेवायच्या बंदरात, खांबावर झाकणाचं, निळं, तीन पिनांचं १६ अँपिअरचं सॉकेट असतं. हा निळा इंडस्ट्रियल प्लग आपल्याकडे कारखान्यांत आणि मंडपवाल्यांच्या जनरेटरवर पाहिलेला असतो. निळा रंग म्हणजे २३० व्होल्ट, पिवळा ११०, लाल ४००. अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा जाड असल्यामुळे प्लग चुकीचा बसत नाही. प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र ब्रेकर आणि स्वतंत्र ३० मिलिअँपिअरची आरसीडी असली पाहिजे असं ब्रिटनचं वायरिंगचं मानक, बीएस ७६७१, सांगतं. मरीनांसाठी त्यात ७०९ हा वेगळा विभागच आहे. आरसीडी म्हणजे करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारी, आपल्याकडची आरसीसीबी, जुने इलेक्ट्रिशियन जिला अजून ईएलसीबी म्हणतात ती.

खांबापासून होडीपर्यंत तीन कोरची रबरी केबल जाते, प्रत्येक कोर २.५ चौरस मिलिमीटरचा. होडीच्या अंगावर इनलेट बसवलेलं असतं. इनलेटमध्ये पिना असतात आणि केबलच्या होडीकडच्या टोकाला भोकं. यामागे साधा नियम आहे: ज्या टोकाला वीज येऊन थांबली आहे तिथे उघडी पिन असता कामा नये. दोन्ही टोकांना पिना असलेली केबल कुणी अडचणीपुरती म्हणून बनवून दिली तर ती वापरू नका, आणि दुसऱ्यालाही देऊ नका.

इनलेटपासून आत जेमतेम दोन मीटरचं काम. अर्थच्या वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर नावाची एक डबी येते, तिच्याबद्दल पुढे सविस्तर. मग छोटा डिस्ट्रिब्युशन बोर्ड. त्यात मेन म्हणून दोन पोलची ३० मिलिअँपिअरची आरसीडी आणि पुढे दोन-तीन एमसीबी, त्याही दोन पोलच्या. एकीवर बॅटरी चार्जर, एकीवर प्लग पॉइंट, हवा तर एकीवर पाण्याचा हीटर.

खांबावर आरसीडी आहे तर होडीत दुसरी कशाला, असं विचारलं जातं. होडी फिरणारी वस्तू आहे. आज या मरीनात, उद्या फ्रान्समधल्या एखाद्या जुन्या बंदरात. खांबावरची आरसीडी कोणी कधी तपासली हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, होडीतली मात्र तुम्ही स्वतः दर महिन्याला बटण दाबून पाहू शकता.

दोन पोल कशासाठी? घरात एमसीबी फक्त फेज तोडते, आणि ते चालतं, कारण घरातला फेज जागा बदलत नाही. मरीनाच्या खांबात कोणी फेज-न्यूट्रल उलटे जोडले असतील तर एका पोलची एमसीबी न्यूट्रल तोडेल, चार्जर बंद झालेला दिसेल, आणि आत फेज तसाच जिवंत राहील. स्विच बंद आहे या भरवशावर तुम्ही स्क्रू उघडायला जाल. दोन पोलची एमसीबी दोन्ही वायरी तोडते, मग उलटं असो वा सुलटं.

आता वीज किती लागते ते बघू. १६ अँपिअर म्हणजे ३,६८० वॉट. २० अँपिअरचा १२ व्होल्टचा चार्जर भिंतीकडून दीड अँपिअरच्या आसपास घेतो. २,००० वॉटचा हीटर ८.७ अँपिअर घेतो, तेवढीच मोठी किटली आणखी ८.७, म्हणजे दोन्ही एकदम लावले की सोळाच्या वर जाऊन खांबावरचा ब्रेकर पडू शकतो. हिवाळ्यात ओल जाण्यासाठी २,००० वॉट लागतही नाहीत. छोटा डीह्युमिडिफायर त्याच्या पाव वीजही घेत नाही आणि गाद्या कोरड्या ठेवतो.

अर्थची वायर जीव कसा वाचवते

समजा चार्जरच्या आतलं इन्सुलेशन गेलं आणि फेजची वायर त्याच्या धातूच्या डब्याला टेकली. अर्थ नीट असेल तर करंट त्या हिरव्या-पिवळ्या वायरने किनाऱ्याकडे पळतो. फेजने आत आलेला करंट आणि न्यूट्रलने बाहेर गेलेला करंट यांचा हिशेब जुळत नाही, ३० मिलिअँपिअरच्या आत-बाहेरच्या फरकालाच आरसीडी पडते. माणसाच्या अंगातून साधारण १० मिलिअँपिअर गेले की स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही, आणि त्याहून बराच जास्त करंट थोडा वेळ जरी गेला तरी हृदय बिघडू शकतं, म्हणून हा आकडा इतका लहान ठेवलेला आहे. अर्थ तुटलेला असेल तर काहीच ट्रिप होत नाही. डबा २३० व्होल्टवर बसून राहतो, आणि पहिला ओला हात लागेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

होडीत आणखी एक वाट आहे, जी घरात नसते. १२ व्होल्टच्या वायरिंगची निगेटिव्ह इंजिनला जोडलेली असते, इंजिन शाफ्टला, शाफ्ट पंख्याला (प्रोपेलरला), आणि पंखा पाण्यात. एखाद्या लॉकरमध्ये २३० व्होल्टची वायर १२ व्होल्टच्या वायरीवर घासून दोघींचं इन्सुलेशन फाटलं, तर फेज थेट पंख्यापर्यंत पोचतो आणि करंट पाण्यातून किनाऱ्याकडे जायला लागतो. पाण्यातून जाणारा हा करंट एमसीबी पाडण्याइतका मोठा नसतो. आरसीडी चालू स्थितीत असेल तर ती पडेल, बिघडलेली असेल तर होडीभोवतीचं पाणी तसंच भारलेलं राहील. म्हणून होडीतला २३० व्होल्टचा अर्थ आणि १२ व्होल्टची निगेटिव्ह एका ठिकाणी जाड वायरने जोडतात, म्हणजे असा फॉल्ट झाल्यावर करंटला तांब्याची सरळ वाट मिळते आणि एमसीबीही पडते. अमेरिकेतलं होड्यांचं मानक, एबीवायसी ई-११, हा जोड मागतं. ब्रिटनमध्ये यावर वाद आहे. आरसीडी आहे तर जोड कशाला, असं म्हणणारे जाणते लोक भेटतील. मला जोड असावा असंच वाटतं. आरसीडी हे यंत्र आहे, खाऱ्या हवेत यंत्रं अडकतात. जाड वायर आणि घट्ट नट सहसा अडकत नाहीत.

पाण्यात पसरलेल्या या करंटने माणसं बुडतात. पोहणाऱ्याला शॉक बसल्यासारखं दिसतही नाही, हातपाय चालेनासे होतात आणि तो खाली जातो. हा धोका गोड्या पाण्यात जास्त. खारं पाणी माणसाच्या शरीरापेक्षा चांगलं वाहक असल्यामुळे करंट शरीराला वळसा घालतो. गोड्या पाण्यापेक्षा शरीरच चांगलं वाहक, म्हणून तिथे तो शरीरातून जाणं पसंत करतो. नदीच्या मुखाशी, तळ्यात, कालव्यात वीज असलेल्या जेट्टीजवळ कधीही पोहायला उतरू नका, आणि पंख्यात अडकलेली दोरी काढायला तर खांबावरची केबल काढल्याशिवाय अजिबात नको.

इथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जुन्या इमारतींमध्ये अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटच्या मागे अर्थ आणि न्यूट्रल एका तुकड्याने जोडून देणारे वायरमन मी महाराष्ट्रात पाहिले आहेत. घरातही ते धोक्याचंच आहे. होडीत तसं केलं तर न्यूट्रलचा रोजचा करंट अर्थच्या वायरने, इंजिनातून आणि पंख्यातून पाण्यात वाटला जाईल. किनाऱ्याची वीज घेताना न्यूट्रल आणि अर्थ हे किनाऱ्यावरच्या सप्लायपाशीच एकत्र असतात, होडीत कुठेही नाही. होडीवर स्वतःचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालू असेल तेव्हा मात्र वीज तिथेच तयार होते, म्हणून तेवढ्यापुरता तो जोड तिथे असतो, आणि किनाऱ्याची वीज आली की तो आपोआप सुटला पाहिजे. चांगले सागरी इन्व्हर्टर हे स्वतः करतात.

दुसरा धोका ब्रिटनमधल्या घरांचा आहे आणि तो बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. हिवाळ्यात होडी ट्रॉलीवर घालून घराच्या अंगणात आणली आणि घरातूनच केबल ओढली, हे सर्रास होतं. इथल्या बऱ्याच घरांना वीज कंपनी न्यूट्रल आणि अर्थ एकाच वायरने आणून देते आणि मीटरपाशी त्यांचे दोन फाटे होतात. रस्त्याखाली कुठेतरी ती एकत्र वायर तुटली तर घरातला अर्थ, म्हणजे धातूचा प्रत्येक डबा, २३० व्होल्टच्या दिशेने चढतो. घराच्या आत माणूस बराचसा सुरक्षित राहतो, कारण नळ, पाइप, सिंक सगळं एकमेकांना जोडलेलं असतं, हाताखालचं आणि शेजारचं एकाच पातळीवर चढतं. अंगणात ओल्या गवतावर उभा राहून होडीची स्टीलची शिडी धरणाऱ्याच्या पायाखाली मात्र खरीखुरी जमीन असते, आणि हातात २३० व्होल्ट. आरसीडी इथे उपयोगी पडत नाही. बिघाड तिच्या अलीकडे, रस्त्यात झालेला असतो, आणि ती अर्थची वायर कधी तोडतच नाही. म्हणूनच ब्रिटनच्या २००२ च्या वीज सुरक्षा नियमांनी असा एकत्र न्यूट्रल-अर्थ होडीच्या किंवा कॅरव्हॅनच्या धातूला जोडायला बंदी केली आहे. मरीना स्वतःचा वेगळा अर्थ ठेवतात. घरी होडीला वीज द्यायचीच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अंगणात स्वतंत्र अर्थचा रॉड आणि स्वतंत्र आरसीडी लावून घ्या.

तीच वायर धातू कसं खाते

तुमच्या होडीचा अर्थ खांबाला जातो. शेजाऱ्याचाही तिथेच जातो. म्हणजे दोन होड्यांचं पाण्याखालचं धातू तांब्याच्या वायरीने एकमेकांना जोडलं गेलं. दोन वेगळे धातू, मध्ये खारं पाणी आणि बाहेरून वायर, एवढं जमलं की ती बॅटरी झाली, आणि बॅटरीत एक धातू झिजतोच.

कोण झिजणार हे ठरलेलं आहे. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडशी तुलना करून मोजलं तर जस्त उणे १ व्होल्टच्या आसपास असतं, साधं पोलाद उणे ०.६ च्या, ब्राँझ उणे ०.३ च्या. ज्याचा आकडा जास्त उणे, तो झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. म्हणूनच तर आपण शाफ्टवर जस्ताचा तुकडा बसवतो, त्याने झिजावं आणि पंखा वाचवावा. अडचण अशी, की शेजारी मोठी लोखंडी होडी उभी असेल आणि तिच्या मालकाने स्वतःचे जस्ताचे तुकडे बदललेले नसतील, तर वायर जोडल्या क्षणापासून तुमचा मुठीएवढा तुकडा त्याचा अख्खा लोखंडी तळ सांभाळायला लागतो. एरवी वर्षभर पुरणारं जस्त काही आठवड्यांत संपू शकतं.

जस्त संपलं की तुमचाच पंखा आणि तुमचाच शाफ्ट एकमेकांसमोर येतात. जुने पंखे पुष्कळदा मँगनीज ब्राँझचे असतात. नाव ब्राँझ असलं तरी त्यात ३० ते ४० टक्क्यांच्या घरात जस्त असतं, म्हणजे ते खरं तर पितळच. स्टेनलेसच्या शाफ्टशेजारी त्यातलं जस्त निघून जातं आणि मागे सच्छिद्र तांबं उरतं. होडी बाहेर काढल्यावर पंख्याची कड पॉलिश पेपरने घासून पाहा. पिवळसर चकाकी आली तर ठीक. गुलाबी छटा दिसली आणि हातोडीने हलकेच ठोकल्यावर टणत्कार न येता बद्द आवाज आला, तर तो पंखा गेला. ॲल्युमिनियमची सेलड्राइव्ह (इंजिनाखालून थेट पाण्यात उतरणारा पंख्याचा पाय) असेल तर नुकसान याहून वेगाने आणि याहून महागात होतं.

यावर मरीनात मिळणारा फुकटचा सल्ला असा: अर्थची वायर कापून टाक, जस्त टिकेल. जस्त टिकेल हे खरं आहे. वर सांगितलेले सगळे धोकेही त्याच क्षणी परत येतील. हा सल्ला कुणाकडूनही आला तरी घेऊ नका.

खरा उपाय गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. आत चार पॉवर डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) असतात, दोन-दोन एका रांगेत, एक जोडी या दिशेने आणि दुसरी उलट दिशेने. एक डायोड उघडायला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात, म्हणून दोघांच्या रांगेला १.२ ते १.४. धातूंमधला फरक अर्ध्या-पाऊण व्होल्टचा, फार तर एक व्होल्टचा, त्याला हे दार बंदच राहतं. फॉल्ट होऊन २३० व्होल्ट आले की दार सताड उघडतं, करंट किनाऱ्याकडे जातो आणि ब्रेकर पडतो. इतकं छोटं साधन, पण दोन्ही गरजा एकदम भागवतं, म्हणून मला त्याचं फार कौतुक आहे. क्षमता सप्लायइतकी तरी हवी, म्हणजे १६ अँपिअर. जागा इनलेटच्या लगेच आत. त्याच्या आधी अर्थच्या वायरमधून एकही फाटा कुठे जाता कामा नये, नाहीतर करंट आयसोलेटरला चुकवून त्या फाट्याने जाईल. कॅरव्हॅनसाठी मिळणारे तयार किट स्वस्त आणि चांगले असतात, पण त्यात आयसोलेटर नसतो, कारण कॅरव्हॅन पाण्यात उभी राहत नाही. तो वेगळा घ्यावा लागतो.

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर याहून पक्का. त्यात किनाऱ्याची वायर आणि होडीची वायर एकमेकींना शिवतच नाहीत, वीज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या होडीला मी तोच घ्या म्हणेन. २६ फुटी फायबरच्या होडीत वीसेक किलोचा आणि चांगलाच महाग ट्रान्सफॉर्मर बसवणं फायद्याचं नाही.

बसवताना

इनलेटची जागा ठरवायला घाई करू नका. कॉकपिटच्या बाजूची उभी भिंत बहुतेक वेळा बरी पडते: पाय लागणार नाही, लाट थेट आदळणार नाही, आणि झाकण खालच्या बाजूला मिटेल. मागे लॉकर असेल तर तिथे गॅसची टाकी, पेट्रोलचा कॅन किंवा आउटबोर्डची टाकी ठेवत नाही ना, हे आधी बघा. घरगुती स्विचगिअरमध्ये ठिणगी पडते, आणि गॅस व पेट्रोलची वाफ जड असल्यामुळे तळाशी साचून राहते. भोक पाडल्यावर डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड दिसलं तर कडेचं लाकूड थोडं कोरून तिथे इपॉक्सी भरा, नाहीतर पाणी शिरून दोन-तीन वर्षांत आसपासचा डेक मऊ पडेल.

आतल्या वायरीसाठी ब्रिटिश घरांतली एकाच जाड तारेची केबल चालत नाही. इंजिनाच्या थरथरीने ती स्क्रूपाशी तुटते. अनेक बारीक तारांची, शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली वायर घ्या. मुलामा नसलेलं तांबं खाऱ्या हवेत इन्सुलेशनच्या आत हातभर काळं पडत जातं, वरून काही दिसत नाही. टोकाला क्रिम्प केलेली टोपी घालून मगच स्क्रूखाली द्या. २३० आणि १२ व्होल्टच्या वायरी एका जुडग्यात बांधू नका. बोर्डाच्या मागची बाजू हत्यार वापरल्याशिवाय उघडता येऊ नये. १२ व्होल्टचा फ्यूज शोधणाऱ्या माणसाचा हात चुकून तिथे जातो.

जुनी वायरिंग असलेली होडी घेतलीत तर रंगांवर विसंबू नका. आजच्या युरोपीय पद्धतीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. जुन्या ब्रिटिश वायरिंगमध्ये आपल्यासारखीच लाल फेज आणि काळी न्यूट्रल. अमेरिकेतून आलेल्या होडीत मात्र काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, आणि त्याच होडीच्या १२ व्होल्टच्या बाजूला काळी म्हणजे निगेटिव्ह असू शकते. महाराष्ट्रात काळी वायर निर्धास्तपणे न्यूट्रल म्हणून हाताळलेल्या माणसाला हे फार महागात पडेल.

चार्जर सागरी वापराचा घ्या, तीन टप्प्यांत चार्ज करून शेवटी १३.५ व्होल्टच्या आसपास थांबणारा. गॅरेजमधला साधा चार्जर महिनोन्‌महिने जोडून ठेवला तर लेड-ॲसिड बॅटरीचं पाणी उकळून संपतं.

वायरिंग स्वतः करायला हरकत नाही, हात चालत असेल तर तेच करावं, म्हणजे होडी आतून माहीत होते. वीज सोडण्याआधी मात्र जाणकार मरीन इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घ्या. तो सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावेल, अर्थची वायर इनलेटच्या पिनेपासून प्रत्येक सॉकेटपर्यंत सलग आहे का ते मोजेल, आरसीडी किती वेळात पडते ते पाहील. शेवटची चाचणी बटण दाबून होत नाही, तिला वेगळं उपकरण लागतं.

रोजच्या वापरात

केबल आधी होडीला लावा, मग खांबाला. काढताना आधी खांबाची, मग होडीची. म्हणजे पाण्यावर वाकलेले असताना हातात जिवंत टोक कधीच येणार नाही. नव्या मरीनात गेल्यावर होडीतला मेन बंद ठेवून केबल लावा आणि बोर्डाच्या आधीच्या टर्मिनलवर झाकणाच्या भोकातून मल्टिमीटरने मोजा: फेज ते न्यूट्रल २३०, फेज ते अर्थ २३०, न्यूट्रल ते अर्थ जवळपास शून्य. खिशातला निऑनचा टेस्टर इथे पुरेसा नाही. बोर्डावर पोलॅरिटीचा दिवा बसवला असेल तर फेज-न्यूट्रल उलटे आहेत का हे तो एका नजरेत सांगतो.

होड्यांवर विजेमुळे लागणाऱ्या आगी बऱ्याचदा प्लगपाशीच सुरू होतात, आणि त्या कोणत्याही ब्रेकरला कळत नाहीत, कारण करंट ठरलेल्या मर्यादेतच असतो. पिन मिठाने काळवंडली, तिच्या आणि भोकाच्या मध्ये ०.२ ओहमचा अडथळा तयार झाला आणि १२ अँपिअर वाहत राहिले, तर एका पिनेपाशी जवळजवळ २९ वॉट उष्णता तयार होते. सोल्डरिंग आयर्न एवढ्यावरच कथिल वितळवतं. हीटर अर्धा तास चालवून दोन्ही टोकांचे प्लग हाताने चाचपा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करा. प्लग काढून पिनांभोवती बघा: एकाच पिनेभोवती तपकिरी वर्तुळ उमटलं असेल, प्लॅस्टिक किंचित मऊ होऊन पिन तिरकी झाली असेल, तर ते घासून साफ करण्यात अर्थ नाही. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललं तर जुना भाजलेला भाग नव्यालाही तसाच भाजतो.

लांब केबल गुंडाळून लॉकरमध्ये ठेवून वापरू नका. २५ मीटरच्या केबलमध्ये १० अँपिअरला एकूण ४० वॉटच्या आसपास उष्णता होते, पसरलेल्या केबलला ती जाणवतही नाही, वेटोळ्याच्या पोटात मात्र ती साठत जाते. केबलचा मधला भाग इनलेटच्या खाली लोंबता ठेवा, म्हणजे पाऊस प्लगमध्ये न जाता त्या झोळावरून खाली टपकेल. तरंगती जेट्टी होडीबरोबर वर-खाली होते, पण दगडी धक्क्याला होडी बांधली असेल तर भरती-ओहोटीइतकी ढील ठेवावी लागते, आणि इथल्या किनाऱ्यावर ती चार मीटरची असू शकते.

मुंबईत गेटवेसमोरच्या होड्या मूरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या बोयाला बांधून, झुलतात, धक्क्याला लागत नाहीत, त्यामुळे तिथे हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा शंभर वॉटचं सोलर पॅनल जास्त कामाचं. भारतात जेट्टीला होडी बांधून वीज घ्यायची सोय असलेली ओळखीची जागा म्हणजे कोचीला बोलगाट्टी बेटावरची केरळ पर्यटन विकास महामंडळाची मरीना. तिथे पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने खाडीचं पाणी मचूळ आणि पुढे जवळपास गोडं होतं. म्हणजे पोहण्याचा धोका वाढतो, आणि जस्त मचूळ पाण्यात नीट काम करत नाही, त्याऐवजी ॲल्युमिनियमचे ॲनोड (तसेच झिजणारे तुकडे) लावावे लागतात.

आयसोलेटर वर्षातून एकदा तपासा. डायोड जळून आतली वाट तुटली तर अर्थच तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. खांबाची केबल काढा, आयसोलेटरची एक बाजू सोडवा, मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दोन्ही दिशांनी मोजा. दोन्हीकडे व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. एकीकडे जरी आकडाच आला नाही तर वाट तुटलेली आहे, बदलेपर्यंत किनाऱ्याची वीज घेऊ नका. शून्य आला तर डायोड शॉर्ट झालेत: जीव सुरक्षित आहे, धातूचं संरक्षण गेलेलं आहे. कपॅसिटर असलेल्या आयसोलेटरमध्ये आकडा हळूहळू चढत स्थिरावतो, तिथे थोडं थांबा.

होडी वर काढाल तेव्हा जस्ताकडे नीट बघा. हंगामात निम्मं झिजलेलं, पृष्ठभाग खडबडीत, करडा: हे निरोगी. दोन महिन्यांत संपलेलं असेल तर आयसोलेटर, शेजारी आणि १२ व्होल्टची एखादी गळती, या क्रमाने शोध घ्या. आणि वर्षभर पाण्यात राहून जसंच्या तसं, कोरं असेल तर खूश होऊ नका. त्याचा शाफ्टशी संपर्क तुटलेला असतो, खाली रंग किंवा शेवाळ बसलेलं असतं, आणि त्या वर्षभरात जस्ताऐवजी पंखा झिजत असतो.